स्विचच्या पोर्टवर मल्टिकास्ट गटांचा प्रवेश कसा नियंत्रित करावा

एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळे पाडलेल्या आभासी नेटवर्कमध्ये) व्हिडिओचे अनेक मल्टिकास्ट प्रवाह, म्हणजे एकाने पाठवलेले आणि गटातील सर्वांना एकाच वेळी मिळणारे प्रवाह, असतात आणि कोणत्या पोर्टला कोणता प्रवाह मिळावा हे ठरवण्याची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर येते, तेव्हा बहुतेक जण स्विचच्या माहितीपुस्तिकेत आयजीएमपी (गटात सामील होण्याची विनंती पाठवण्याचा प्रोटोकॉल) फिल्टरचे प्रकरण शोधतात, त्यात दिलेल्या चार ओळी कन्फिगरेशनमध्ये घालतात आणि काम संपले असे मानतात. त्या ओळी चुकीच्या नसतात. मात्र त्या पोर्टवरून आलेली गटात सामील होण्याची विनंती अडवतात, त्या गटाचा डेटा अडवत नाहीत. आणि विनंती मान्य झालेली नसतानाही डेटा पोर्टपर्यंत पोहोचण्याच्या अनेक वाटा स्विचमध्ये असतात. त्या वाटा बंद केल्याशिवाय फिल्टर लावल्याचे समाधान मिळते, नियंत्रण मिळत नाही. हे काम मी केलेले आहे आणि माहितीपुस्तिकांमध्ये हे सगळे मुद्दे वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले असतात हे अनुभवले आहे, म्हणून ते कामाच्या क्रमाने इथे एकत्र मांडत आहे.

उदाहरणांतील आज्ञा सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेतील अनेक स्विचांवर चालणाऱ्या आहेत. इतर उत्पादकांकडे हीच सोय वेगळ्या नावांनी असते. उदाहरणार्थ, हुआवेच्या स्विचांवर 'ग्रुप-पॉलिसी' आणि 'ग्रुप-लिमिट' ही नावे दिसतात. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. उपकरणावर त्या अर्थातच रोमन लिपीत आणि रोमन अंकांत टाइप कराव्या लागतील.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय असावे

• तुमच्या नेटवर्कमध्ये वापरात असलेल्या सर्व मल्टिकास्ट गटांची यादी: गटाचा पत्ता, तो पाठवणारे उपकरण, त्याचा अंदाजे वेग आणि तो कोणाला मिळणे अपेक्षित आहे.
• पोर्टांची यादी: कोणत्या पोर्टवर अंतिम उपकरण आहे, कोणता पोर्ट दुसऱ्या स्विचकडे जातो, कोणता राउटरकडे, आणि कोणत्या पोर्टमागे एखादा साधा, व्यवस्थापन नसलेला स्विच लपलेला आहे.
• स्विचचे नेमके मॉडेल, त्यावरील सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि त्या आवृत्तीचीच माहितीपुस्तिका.
• चालू कन्फिगरेशनची जतन केलेली प्रत आणि स्विचपर्यंत पोहोचण्याचा कन्सोल केबलचा मार्ग.
• चाचणीसाठी दोन संगणक, त्यांवर केबलवरून येणारा डेटा दाखवणारे वायरशार्क किंवा टीसीपीडम्प, आणि चाचणीचा डेटा पाठवणाऱ्या आयपर्फची दुसरी आवृत्ती. तिसऱ्या आवृत्तीत मल्टिकास्टची सोय नाही, त्यामुळे 'नवी तीच चांगली' असे समजून ती घेऊ नये.

यांपैकी गटांची यादी मिळवणे सर्वांत कंटाळवाणे असते आणि नेमके तेच टाळले जाते. यादी नसेल तर फिल्टर अंदाजाने लिहिला जातो, आणि अंदाजाने लिहिलेला फिल्टर एखादा हक्काचा प्रवाह बंद पाडल्याशिवाय राहत नाही.

१. विनंती आणि डेटा यांचे मार्ग वेगळे ओळखा

एखाद्या उपकरणाला मल्टिकास्ट गटातील डेटा हवा असतो, तेव्हा ते आयजीएमपीचा सदस्यत्व-संदेश पाठवते. त्याला रिपोर्ट म्हणतात. या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती १९८९ साली, दुसरी १९९७ साली आणि तिसरी २००२ साली प्रमाणित झाली. दुसऱ्या आवृत्तीत रिपोर्ट त्या गटाच्याच पत्त्यावर जातो, तर तिसऱ्या आवृत्तीत सर्व रिपोर्ट २२४.०.०.२२ या एकाच पत्त्यावर जातात आणि एका रिपोर्टमध्ये अनेक गटांच्या नोंदी असू शकतात. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे फिल्टरची चाचणी घेताना तो उपयोगी पडणार आहे.

आयजीएमपी हा मुळात उपकरण आणि राउटर यांच्यातील संवाद आहे. स्विच त्या संवादात सहभागी नसतो, पण तो ऐकत राहतो आणि कोणत्या पोर्टवरून कोणत्या गटाची मागणी आली याची नोंद ठेवतो. यालाच स्नूपिंग म्हणतात. ही नोंद तयार झाली की त्या गटाचा डेटा फक्त नोंदीतील पोर्टांवर आणि ज्या पोर्टांमागे मल्टिकास्ट राउटर आहे अशा पोर्टांवर पाठवला जातो. आयजीएमपी फिल्टर या नोंदीच्या आधी बसतो: रिपोर्ट आला, त्यातील गट प्रोफाइलशी, म्हणजे परवानगीच्या किंवा बंदीच्या गटांच्या यादीशी, ताडून पाहिला, परवानगी नसेल तर रिपोर्ट टाकून दिला. याचा अर्थ असा की, फिल्टरचे यश पूर्णपणे स्नूपिंगच्या नोंदीवर अवलंबून आहे. स्विच जिथे नोंद न पाहता डेटा पुढे ढकलतो, तिथे फिल्टरला काहीही करता येत नाही.

२. गटांच्या पत्त्यांचा आराखडा तपासा

आयपीव्ही४ मधील मल्टिकास्टचे पत्ते २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंत असतात. त्यांपैकी २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा एकाच जोडणीपुरत्या नियंत्रण-संदेशांसाठी राखलेला आहे. राउटरांना मार्ग कळवणारे ओएसपीएफ २२४.०.०.५ आणि २२४.०.०.६ वापरते, राखीव राउटरची सोय करणारे व्हीआरआरपी २२४.०.०.१८ वापरते, तर आसपासची उपकरणे नावाने शोधणारे एमडीएनएस २२४.०.०.२५१ वापरते. स्नूपिंग करणाऱ्या स्विचने या पट्ट्यातील डेटा सर्व पोर्टांवर पाठवावा अशी शिफारस आहे, म्हणून तुमचे व्हिडिओचे किंवा मोजमापाचे प्रवाह चुकूनही या पट्ट्यात ठेवू नयेत. संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी २३९ ने सुरू होणारा पट्टा आहे, तोच वापरावा.

इथे एक सापळा आहे आणि तो सहज दिसत नाही. मल्टिकास्टच्या आयपी पत्त्यातील पहिली ४ बिटे सर्वांची सारखीच असतात, म्हणजे वेगळेपण सांगणारी २८ बिटे उरतात. पण त्यांपैकी फक्त शेवटच्या २३ बिटांना इथरनेटच्या मॅक पत्त्यात (नेटवर्क कार्डाच्या पातळीवरील पत्त्यात) जागा मिळते. उरलेली ५ बिटे गळतात आणि म्हणून ३२ वेगवेगळे गट एकाच मॅक पत्त्यावर येऊन पडतात. २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ हे दोन गट कागदावर वेगळे आहेत, पण मॅक पत्त्यावरून डेटा वाटणाऱ्या स्विचच्या दृष्टीने ते एकच आहेत. एका गटाची परवानगी असलेल्या पोर्टला दुसऱ्याचा डेटाही मिळतो. त्याहून वाईट स्थिती २३९.०.०.५ या गटाची होते. त्याचा मॅक पत्ता ओएसपीएफच्या २२४.०.०.५ सारखाच असल्याने असा स्विच तो सर्व पोर्टांवर सोडतो. तेव्हा २३९.०.० आणि २३९.१२८.० ने सुरू होणारे गट टाळावेत आणि यादीतील कोणत्याही दोन गटांची शेवटची २३ बिटे सारखी नाहीत ना, हे आधीच तपासावे. अनेक नवे स्विच आयपी पत्त्यावरून नोंद ठेवतात आणि त्यांना हा त्रास होत नाही, पण नेटवर्कमधला एखादा जुना स्विचही हे गणित बिघडवू शकतो.

पत्ते ठरवण्याची मुभा अजून तुमच्याकडे असेल, तर ज्यांना एकसारखी परवानगी द्यायची आहे असे गट सलग ठेवावेत. पुढील उदाहरणांत सर्वसाधारण वाहिन्यांसाठी २३९.१०.१.१ ते २३९.१०.१.४० आणि सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी २३९.१०.२.१ ते २३९.१०.२.६० असे दोन पट्टे धरले आहेत. सलग पट्ट्यासाठी प्रोफाइलमध्ये एक ओळ पुरते. विखुरलेल्या गटांसाठी प्रत्येकाची वेगळी ओळ लिहावी लागते आणि दर बदलाला चुकीची शक्यता वाढत जाते.

३. स्नूपिंग आणि क्वेरिअर आधी स्थिर करा

पाया डळमळीत असताना फिल्टर लावला, तर पुढे दिसणारी अडचण फिल्टरमुळे आली की मुळातच होती हे ठरवता येत नाही. म्हणून प्रथम स्नूपिंग संबंधित व्हीलॅनवर सुरू आहे याची खात्री करा. त्यानंतर त्या व्हीलॅनमध्ये क्वेरिअर आहे का ते पाहा. क्वेरिअर म्हणजे ठरावीक काळाने 'कोणत्या गटांचे सदस्य अजून आहेत' असे सर्वांना विचारणारे उपकरण. मूळ ठरलेल्या मूल्यांनुसार हा प्रश्न दर १२५ सेकंदांनी विचारला जातो आणि उत्तर न आल्यास २६० सेकंदांनी सदस्यत्व संपते.

व्हीलॅनमध्ये मल्टिकास्ट राउटर नसेल तर प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही, उपकरणे पुन्हा रिपोर्ट पाठवत नाहीत आणि नोंदी गळून जातात. 'चित्र सुरू होते, पण चारेक मिनिटांनी बंद पडते' अशी तक्रार आली की सर्वप्रथम क्वेरिअर शोधावा. राउटर नसलेल्या व्हीलॅनमध्ये एखाद्या मध्यवर्ती स्विचवर स्नूपिंग क्वेरिअर सुरू करावा आणि त्याला त्या व्हीलॅनमधील खरा आयपी पत्ता द्यावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत एकाहून अधिक क्वेरिअर असतील तर सर्वांत लहान आयपी पत्ता असलेला निवडला जातो. म्हणून नेमलेल्या क्वेरिअरचा पत्ता लहान ठेवणे शहाणपणाचे आहे.

'शो आयपी आयजीएमपी स्नूपिंग क्वेरिअर' आणि 'शो आयपी आयजीएमपी स्नूपिंग ग्रुप्स' या दोन आज्ञांची उत्तरे तुमच्या गटांच्या यादीशी जुळली पाहिजेत. ती जुळत नसतील तर पुढच्या पायरीकडे जाऊ नये.

४. कोणीच न मागितलेल्या गटाचे काय होते ते शोधा

माझ्या मते ही या संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

ज्या गटाची कोणत्याही पोर्टवरून मागणी आलेली नाही, त्याचा डेटा स्विचकडे आला तर त्याने काय करावे? स्नूपिंगविषयीची २००६ सालची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे आरएफसी ४५४१, असे सांगतात की तो डेटा राउटर असलेल्या पोर्टांवर पाठवलाच पाहिजे. पण मूळ वर्तन म्हणून तो सर्व पोर्टांवर सोडण्याचीही मुभा स्विचला आहे. आता हे फिल्टरशी जोडून पाहा. एका पोर्टला कॅमेऱ्यांचे गट नाकारलेले आहेत. त्या पोर्टवरील संगणकाने २३९.१०.२.७ ची मागणी केली, फिल्टरने रिपोर्ट टाकून दिला आणि नोंद झाली नाही. त्या वेळी हा कॅमेरा दुसरे कोणीच पाहत नसेल, तर स्विचच्या लेखी हा गट अनोळखी ठरतो आणि त्याचा डेटा सर्व पोर्टांवर सोडला जातो. म्हणजे ज्याला नाकारले, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचते. काही वेळाने परवानगी असलेल्या एखाद्या पोर्टने तोच गट मागितला की नोंद तयार होते आणि नाकारलेल्या पोर्टवरील चित्र अचानक थांबते. फिल्टर कधी चालतो, कधी चालत नाही, असे यामुळे वाटते. प्रत्यक्षात तो प्रत्येक वेळी आपले काम करतच असतो.

यावर उपाय म्हणजे अनोळखी मल्टिकास्ट टाकून देण्याची किंवा फक्त राउटर पोर्टांकडे पाठवण्याची सेटिंग. ती काही स्विचांवर संपूर्ण उपकरणासाठी, काहींवर व्हीलॅनसाठी आणि काहींवर पोर्टसाठी असते. नावावर विसंबून राहू नये. काही मॉडेलांवर पोर्टवरील मल्टिकास्ट अडवण्याची आज्ञा आयपी मल्टिकास्टला लागूच होत नाही, ती केवळ आयपी नसलेल्या चौकटींपुरती (फ्रेमपुरती) असते. माहितीपुस्तिकेतील ती टीप वाचावी आणि नवव्या पायरीत दिल्याप्रमाणे प्रत्यक्ष चाचणी घ्यावी.

याच जातीची दुसरी वाट स्पॅनिंग ट्रीमधून, म्हणजे स्विचांच्या जोडणीत फेरे होऊ न देणाऱ्या प्रोटोकॉलमधून, जाते. जोडणीच्या रचनेत बदल झाल्याची सूचना आली की स्विच काही काळ मल्टिकास्ट डेटा त्या व्हीलॅनमधील सर्व पोर्टांवर सोडतो, म्हणजे मार्ग बदललेल्या सदस्यांचा प्रवाह तुटत नाही. अंतिम उपकरणांच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच सुरू करणारी स्पॅनिंग ट्रीची सेटिंग) असेल तर संगणक चालू-बंद झाल्याने ही सूचना निघत नाही, आणि शिवाय 'नो आयपी आयजीएमपी स्नूपिंग टीसीएन फ्लड' ही आज्ञा पोर्टवर दिल्यास त्या पोर्टपुरता हा पूर थांबतो. वेगमर्यादा कमी असलेल्या पोर्टांसाठी ही आज्ञा मी आवर्जून सुचवीन.

५. प्रोफाइल लिहा आणि पोर्टवर लावा

परवानगीची यादी लिहावी, बंदीची लिहू नये. बंदीच्या यादीत नसलेला प्रत्येक गट खुला राहतो, आणि उद्या कोणी नवा गट सुरू केला तर तो आपोआप सर्वांना उपलब्ध होतो. परवानगीच्या यादीत मात्र विसरलेला गट बंद राहतो आणि संबंधित माणूस तक्रार घेऊन तुमच्याकडे येतो. दुसऱ्या प्रकारची चूक लगेच समजते, पहिल्या प्रकारची कित्येकदा समजतच नाही.

कॅटॅलिस्ट स्विचवर क्रम असा असतो:

• 'आयपी आयजीएमपी प्रोफाइल १०' ही आज्ञा देऊन प्रोफाइल उघडा.
• 'परमिट' लिहा. ही ओळ राहून गेली तर प्रोफाइलची मूळ कृती नाकारण्याची असते, म्हणजे तुम्ही परवानगीसाठी लिहिलेले गटच नाकारले जातील.
• 'रेंज २३९.१०.१.१ २३९.१०.१.४०' लिहा. एकच गट असेल तर एकच पत्ता पुरतो. पट्टे अनेक असतील तर रेंजच्या अनेक ओळी लिहिता येतात.
• संबंधित पोर्टमध्ये जाऊन 'आयपी आयजीएमपी फिल्टर १०' लिहा.

एक प्रोफाइल कितीही पोर्टांवर लावता येते, पण एका पोर्टवर एकच प्रोफाइल बसते. म्हणून प्रोफाइल व्यक्तीनुसार किंवा खोलीनुसार न करता भूमिकेनुसार करावी: सर्वसाधारण वाहिन्या पाहणारे पोर्ट, कॅमेरे पाहणारे पोर्ट, दोन्ही पाहणारे पोर्ट. प्रोफाइल दुसऱ्या थरातील पोर्टवर लागते. आयपी पत्ता दिलेल्या राउटेड पोर्टवर किंवा व्हीलॅनच्या इंटरफेसवर लागत नाही. अनेक केबल एकत्र बांधून केलेल्या इथरचॅनेलमधील सुट्या पोर्टवरही ती लावता येत नाही.

दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या ट्रंकवर फिल्टर लावण्याचा मोह टाळावा. तिथे लावलेले प्रोफाइल त्या स्विचमागच्या सर्वांना सारखेच लागू होते आणि कोणाची विनंती कुठे अडली हे शोधणे अवघड होते. फिल्टरची जागा अंतिम उपकरणाच्या पोर्टवर आहे. ज्या पोर्टमागे व्यवस्थापन नसलेला स्विच आहे, तिथे त्या मागच्या सर्व उपकरणांना एकच परवानगी मिळणार हे मान्य करून चालावे, किंवा तो स्विच बदलावा.

व्हीलॅनच्या इंटरफेसवर 'आयपी आयजीएमपी ॲक्सेस-ग्रुप' ही वेगळी आज्ञा असते. ती राउटरच्या बाजूची आहे आणि संपूर्ण व्हीलॅनला लागू होते. पोर्टनिहाय भेद तिच्याने करता येत नाही.

फिल्टर लावल्याबरोबर जुन्या नोंदी नाहीशा होतील अशी अपेक्षा ठेवू नये. आधीची नोंद मुदत संपेपर्यंत टिकू शकते, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी पाच मिनिटे थांबावे किंवा पोर्ट एकदा बंद करून सुरू करावा. हाताने लिहिलेल्या, म्हणजे स्टॅटिक, सदस्यत्वाला फिल्टर लागू होत नाही. कन्फिगरेशनमध्ये तशी एखादी जुनी ओळ राहून गेली आहे का ते शोधावे.

६. एका पोर्टवरील गटांच्या संख्येला मर्यादा घाला

परवानगी असलेले चाळीसही गट एखाद्या संगणकाने एकाच वेळी मागितले तर काय, याचे उत्तर प्रोफाइलमध्ये नसते. प्रत्येक वाहिनी ८ मेगाबिट प्रतिसेकंद आणि पोर्टचा वेग १०० मेगाबिट धरला, तर बारा वाहिन्यांतच ९६ मेगाबिट भरतात आणि तेराव्या वाहिनीपासून सर्वांचेच चित्र फुटू लागते. 'आयपी आयजीएमपी मॅक्स-ग्रुप्स ५' अशा आज्ञेने पोर्टवरील गटांची संख्या मर्यादित करता येते.

आकडा ठरवताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, अनेक संगणक आणि टीव्ही आसपासची उपकरणे शोधण्यासाठी २३९.२५५.२५५.२५० या एसएसडीपीच्या गटात स्वतःहून सामील होतात. प्रोफाइलमध्ये त्याला परवानगी असेल तर तो गटही मोजला जातो, आणि 'एक वाहिनी पुरे' म्हणून ठेवलेली १ ही मर्यादा वाहिनी लागण्याआधीच संपून जाते. दुसरी गोष्ट वाहिनी बदलण्याची. दुसऱ्या आवृत्तीत उपकरण गट सोडत असल्याचा संदेश पाठवते, पण दुसरा कोणी सदस्य आहे का हे क्वेरिअर मूळ मूल्यांनुसार एकेका सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारतो आणि मगच जुनी नोंद निघते. तेवढ्या वेळात नव्या वाहिनीची मागणी येऊन धडकते आणि मर्यादा काटेकोर असेल तर ती नाकारली जाते. म्हणून गरजेपेक्षा निदान एक गट जास्त ठेवावा. पोर्टमागे एकच उपकरण असेल तर तत्काळ सोडण्याची, म्हणजे इमीजिएट-लीव्हची, सोयही वापरता येते. पण पोर्टमागे एकाहून अधिक उपकरणे असतील तर एकाने वाहिनी बदलताच दुसऱ्याचे चित्र तुटेल.

मर्यादा ओलांडल्यावर काय करायचे हेही ठरवता येते. मूळ कृती नवी मागणी नाकारण्याची आहे. 'आयपी आयजीएमपी मॅक्स-ग्रुप्स ॲक्शन रिप्लेस' लिहिल्यास जुन्यांपैकी कोणतीही एक नोंद काढून नवी घेतली जाते. ती नोंद सर्वांत जुनीच असेल असे नाही. ती यादृच्छिक निवडली जाते. एकच वाहिनी पाहणाऱ्या सेट-टॉप बॉक्सला हे सोयीचे आहे, पण सलग चालणाऱ्या ध्वनिमुद्रणाच्या उपकरणासाठी मी ते कधीही सुचवणार नाही.

७. कोणता पोर्ट राउटर पोर्ट बनू शकतो हे ठरवा

एखाद्या पोर्टवरून आयजीएमपीचा प्रश्न किंवा पीआयएमचा (राउटरांमधील मल्टिकास्ट प्रोटोकॉलचा) संदेश आला की स्विच त्या पोर्टमागे मल्टिकास्ट राउटर आहे असे मानतो. त्यानंतर त्या व्हीलॅनमधील सर्व मल्टिकास्ट डेटा त्या पोर्टकडे जाऊ लागतो, मग तिथे कितीही कडक प्रोफाइल असो. यासाठी वाईट हेतूच लागतो असे नाही. क्वेरिअर सुरू असलेला एखादा छोटा स्विच किंवा आभासी यंत्रांचा ब्रिज कोणी पोर्टला जोडला, तरी हेच घडते. त्याचा आयपी पत्ता लहान असेल तर तो नेमलेल्या क्वेरिअरची जागाही घेतो.

'शो आयपी आयजीएमपी स्नूपिंग एमराउटर' या आज्ञेच्या उत्तरात एकही अंतिम पोर्ट दिसता कामा नये. काही स्विचांवर राउटर गार्ड नावाची सोय असते, काहींवर पोर्टवरील राउटर शिकणे बंद करता येते. ज्यांच्यावर दोन्ही नाही, तिथे पोर्टवर आत येणाऱ्या आयजीएमपी प्रश्नांना, म्हणजे १७ क्रमांकाच्या प्रकाराला, आणि १०३ क्रमांकाच्या आयपी प्रोटोकॉलला, म्हणजे पीआयएमला, ॲक्सेस लिस्टने (वाहतूक सोडणाऱ्या किंवा अडवणाऱ्या नियमांच्या यादीने) अडवण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न असे म्हणण्याचे कारण हे की काही स्विच स्नूपिंगसाठी हे संदेश ॲक्सेस लिस्टच्या आधीच उचलतात. खऱ्या राउटरकडे जाणारा पोर्ट स्टॅटिक नोंदीने पक्का करून ठेवावा.

८. पाठवणाऱ्यांनाही आवर घाला

आयजीएमपी फिल्टर ऐकणाऱ्यांसाठी आहे. गटात डेटा पाठवण्यासाठी सदस्यत्व लागत नाही, त्यामुळे एकही गट ऐकण्याची परवानगी नसलेला संगणक २३९.१०.१.५ या पत्त्यावर खुशाल डेटा सोडू शकतो आणि ती वाहिनी पाहणाऱ्या सर्वांचे चित्र बिघडवू शकतो. ज्या पोर्टवर पाठवणारे उपकरण नाही, तिथे आत येणाऱ्या वाहतुकीवर ॲक्सेस लिस्ट लावावी. तिचा क्रम महत्त्वाचा आहे: प्रथम आयजीएमपीला, म्हणजे आयपी प्रोटोकॉल क्रमांक २ ला, परवानगी; मग एमडीएनएससारख्या खरोखर लागणाऱ्या गटांना परवानगी; मग २२४.०.०.० आणि वाइल्डकार्ड १५.२५५.२५५.२५५ असा संपूर्ण मल्टिकास्ट पट्टा बंद. आणि शेवटी उरलेल्या सगळ्याला परवानगी. पहिली ओळ विसरली तर रिपोर्टच अडतात आणि परवानगी असलेल्या वाहिन्याही बंद होतात. मागच्या पायरीतील प्रश्न अडवणारी ओळ याच यादीत ठेवायची असेल, तर ती आयजीएमपीला परवानगी देणाऱ्या ओळीच्या आधी यावी.

९. चाचणी घ्या, आणि ती नकाराचीही घ्या

परवानगी असलेले चित्र दिसले म्हणजे चाचणी झाली असे नाही. एका संगणकावर आयपर्फने २३९.१०.२.७ या गटात डेटा पाठवा आणि दुसरा संगणक नाकारलेल्या पोर्टला जोडून त्याच गटात सामील करा. आयपर्फ पाठवताना टीटीएल (डेटा किती टप्पे जाऊ शकतो याची मर्यादा) मुळात १ असतो; मध्ये राउटर असेल तर तो वाढवावा, नाहीतर डेटा राउटरवरच मरेल आणि फिल्टर उत्तम चालत असल्याचा भास होईल.

दुसऱ्या संगणकावर फक्त व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र येते का एवढे पाहू नये. न मागितलेला मल्टिकास्ट डेटा नेटवर्क कार्ड अनेकदा वरपर्यंत येऊच देत नाही, म्हणून केबलवरून खरोखर काय येत आहे हे पाहण्यासाठी प्रॉमिस्क्युअस, म्हणजे आलेले सगळे स्वीकारणाऱ्या, अवस्थेत वायरशार्क किंवा टीसीपीडम्प चालवावा. पुढील सहा स्थिती स्वतंत्रपणे तपासाव्यात:

• नाकारलेल्या पोर्टने गट मागितला आहे आणि तो इतर कोणीही मागितलेला नाही.
• नाकारलेल्या पोर्टने गट मागितला आहे आणि परवानगी असलेला पोर्टही तोच गट पाहत आहे.
• नाकारलेल्या पोर्टने काहीच मागितलेले नाही, पण स्विचांमधील एखादी जोडणी काढून पुन्हा लावली आहे.
• संगणक आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत बोलत आहे.
• संगणक तिसऱ्या आवृत्तीत बोलत आहे आणि एकाच रिपोर्टमध्ये एक परवानगी असलेला व एक नाकारलेला गट आहे.
• नाकारलेल्या पोर्टवरून आयजीएमपीचा प्रश्न पाठवला आहे.

पाचव्या स्थितीकडे विशेष लक्ष द्यावे. स्विचने रिपोर्टमधील प्रत्येक नोंद वेगळी तपासली पाहिजे: परवानगी असलेला गट मिळावा आणि नाकारलेला मिळू नये. लिनक्सवर 'फोर्स आयजीएमपी व्हर्जन' या कर्नल सेटिंगने आवृत्ती बदलता येते आणि 'आयपी एमॲडर शो' या आज्ञेने संगणक कोणत्या गटांत आहे ते दिसते. विंडोजवर त्यासाठी 'नेटशेल इंटरफेस आयपी शो जॉइन्स' ही आज्ञा आहे, जिची सुरुवात प्रत्यक्षात 'नेटश' अशा लघुरूपाने टाइप करतात.

१०. आयपीव्ही६ विसरू नका

आयपीव्ही६ मध्ये आयजीएमपीचे काम एमएलडी करते. आयजीएमपीचे प्रोफाइल त्याला स्पर्शही करत नाही, त्यामुळे एखादा प्रवाह दोन्ही आवृत्त्यांत उपलब्ध असेल तर एमएलडी स्नूपिंग आणि त्याचे फिल्टर स्वतंत्रपणे लावावे लागते. मात्र इथे हात जपून चालवावा. आयपीव्ही६ मध्ये शेजारच्या उपकरणाचा मॅक पत्ता शोधण्याचे कामच मल्टिकास्ट गटांतून होते. तेव्हा एकाच जोडणीपुरते असलेले, म्हणजे एफएफ०२ ने सुरू होणारे, गट सरसकट नाकारले तर मल्टिकास्टच नव्हे, सगळीच आयपीव्ही६ वाहतूक बंद पडू शकते.

११. टप्प्याटप्प्याने लागू करा

सर्व पोर्टांवर एकाच दिवशी फिल्टर लावू नये. प्रत्येक भूमिकेतील एकेक पोर्ट घ्यावा, तो किमान एक पूर्ण कामाचा दिवस तसाच ठेवावा, त्या काळात स्नूपिंगच्या नोंदी दोन-तीनदा जतन करून यादीशी ताडून पाहाव्यात आणि मगच पुढे जावे. आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदाच चालणारे प्रवाह, उदाहरणार्थ संगणकांवर एकाच वेळी ऑपरेटिंग सिस्टिमची प्रतिमा (इमेज) बसवण्याचे काम, या यादीतून हमखास सुटतात. त्यांची चौकशी आधीच करावी.

कन्फिगरेशन जतन करण्याआधी, प्रत्येक प्रोफाइलचा क्रमांक कोणत्या भूमिकेसाठी आहे, त्यात कोणते गट आहेत आणि ते कोणाच्या सांगण्यावरून घातले हे लिहून ठेवावे. स्विच बदलला किंवा त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले की नवव्या पायरीतील पहिली, तिसरी आणि पाचवी स्थिती पुन्हा तपासावी, कारण अनोळखी मल्टिकास्टची मूळ वागणूक आणि तिसऱ्या आवृत्तीचे रिपोर्ट वाचण्याची पद्धत या गोष्टी मॉडेल आणि आवृत्तीप्रमाणे वेगळ्या असू शकतात, आणि कन्फिगरेशनची एकही ओळ न बदलता तो फरक पडू शकतो.